कोऱ्या नमुन्यातली रेघ

टोपणावर शून्य काढलेली ती नळी – करंगळीच्या पेरापेक्षाही लहान, तळाशी थेंबभर नितळ द्रव, आणि ते शून्य तिनेच काल काळ्या मार्करने घाईत काढलेलं, एका बाजूने चेपलेलं – चिमटीत धरून उजेडाकडे नेताना तिच्या लक्षात आलं की आपल्या हाताने ती उलटी धरलीय. ज्या हाताच्या भरवशावर अख्खी लॅब चालते असं मॅडम पाहुण्यांना सांगतात, तोच हात. आत दिसण्यासारखं काही नव्हतं, नसतंच. दिसायचं ते मागे पडद्यावर दिसून चुकलं होतं. पेशंटांच्या रेघा आपापल्या वेळी चढून गेल्या होत्या, आणि त्यांच्या खाली शून्याची रेघ... ती जमिनीला धरून शेवटपर्यंत सरळ जायची, आजवर गेली होती, जायलाच हवी होती... तिने अगदी शेवटी मान वर काढली होती. जराशी. दारातून कुणी डोकावून बघावं इतकी.

शून्याची नळी म्हणजे ती स्वतः.

म्हणजे असं, की बाईच्या रक्तात वाय गुणसूत्र नसतं, ते पुरुषांकडे. पण एखाद्या बाईला पुरुषाची किडनी बसवली, तर त्या किडनीतून सुटलेले डीएनएचे तुकडे तिच्या रक्तात फिरू लागतात. किडनी सुखाने नांदत असली तर थोडे, शरीर तिच्यावर उलटलं तर पुष्कळ. ते तुकडे मोजले – जितके जास्त, तितकी पडद्यावरची रेघ लवकर चढते – की पेशंटच्या किडनीत सुई न खुपसता आतली हालहवाल कळते. एवढीच ती चाचणी, मॅडमनी इथे बसवलेली. पण चाचणी थापा मारत नाहीये ना, हे बघायला प्रत्येक खेपेला सोबत एक असा नमुना लागतो ज्यात काहीच नसल्याची खात्री आहे. कोरा नमुना. अशा बाईचं रक्त, जिच्यात कुणाचं काही बसवलेलं नाही. चाचणी सुरू करायची ठरली तेव्हा मॅडमनी विचारलं होतं, कोण देतंय रक्त, आणि मी बाही वर केली. तेव्हापासून मी इथली अधिकृत कोरी. बिनपगारी पद, त्याला बढती नाही, बदली नाही, सुट्टीवर गेले तरी फ्रीजमधून माझी हजेरी लागते.

आणि या आठवड्यात चाचणीचे कान आणखी तिखट केले होते. रक्त जास्त घ्यायचं, फेऱ्या जास्त द्यायच्या, म्हणजे एरवी निसटणारं बारीकसारीकही ऐकू यावं.

पहिला विचार भेसळीचा यायला हवा होता. या धंद्यात तोच पहिला येतो, तोच दुसरा, आणि बहुतेक वेळा तिसऱ्याची गरज पडत नाही. कुणा पुरुषाचा हात लागला, कुणी बोलताना थुंकी उडाली, संपलं. ती हे नव्या मुलींना स्वतः शिकवते, डोळे वटारून शिकवते. पण आज पडद्यावर ती रेघ दिसली आणि तिच्या मनात पहिला जो शब्द उमटला तो होता – तू?

मग तिने स्वतःला दटावलं. नळी जागेवर ठेवली. ग्लोव्हज काढून नवे घातले, गरज नसताना.

"ताई, काय झालं? लॉटरी लागल्यासारख्या काय दिसताय?"

हे शिंकोबा. मागच्या टेबलावर पेशंटांच्या नमुन्यांची नोंद करणारे, पन्नाशीचे, भल्या स्वभावाचे, आणि बाराही महिने सर्दी झालेले. खरं नाव पगारपत्रकात असेल. त्यांची शिंक येण्याआधी एक मोठा श्वास येतो, तो ऐकला की सगळी लॅब हातातल्या नळ्यांवर तळवा धरते, ही इथली जुनी रीत.

"कोऱ्याची रेघ वर आली," ती म्हणाली.

शिंकोबांचा हात नाकाकडे निघाला होता तो अर्ध्या वाटेत थांबला. "मी नाही हं. काल मी त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. विचारा कुणालाही."

"मी कुठे काय म्हणाले?"

"म्हणायला कशाला लागतं. इथे काही बिघडलं की सगळे माझ्या नाकाकडे बघतात."

ती हसली, जरा जास्तच हसली. तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, पडदा पाहिला, आणि हं म्हणाल्या. मॅडमच्या हं-मध्ये पुष्कळ प्रकार असतात. हा वैतागाचा होता.

"भेसळ," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा लाव. सगळी रसायनं नव्या बाटल्यांतून. एका नळीत नुसतं पाणी, एकीत माझं रक्त, एकीत तुझं ताजं. शिंकोबा आज काचेच्या बाहेर. आणि त्या शाळेतल्या बाईंचा रिपोर्ट थांबव, हे निस्तरल्याशिवाय द्यायचा नाही."

शाळेतल्या बाई म्हणजे ज्यांना त्यांच्या भावाने किडनी दिली होती, ताप येतोय म्हणून आता सगळं घर धास्तावलं होतं. त्यांची रेघ चांगली होती, कमी होती. पण कोराच खोटा पडला तर चांगल्या रेघेवर तरी विश्वास कसा ठेवायचा. हे तिला कळत होतं, आणि तरीही... लाज वाटायला हवी, पण तिला भेसळ नको होती. शाळेतल्या बाईंसाठी नव्हे. स्वतःसाठी नको होती.

रक्त मॅडमनीच काढलं. दंडाला पट्टा, मूठ आवळ, सोड. नळीत काळपट लाल धार उतरत होती आणि ती त्या धारेकडे असं बघत होती की जणू त्यातून कुणीतरी ओळखीचं चालत येणार आहे. रक्ताकडे अशी ती एकदाच... नाही, तेव्हा तिने बघितलं नव्हतं. तेव्हा तिला झोपवलं होतं. पाचवा महिना होता, दुपारची वेळ, आणि जाग आली तेव्हा खिडकीला हिरवा पडदा होता आणि नवरा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून टॉवेलची घडी घालत होता. घातलेली मोडायचा, पुन्हा घालायचा. ती बघत राहिली. घडी नीट झाली की तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं. घडी नीट झाली, त्याने ती टेबलावर ठेवली आणि विचारलं, पाणी देऊ का? मुलगा होता की मुलगी, हे मी विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की ते घेऊन घरी जावं लागतं. नंतर पुन्हा दिवस राहिलेच नाहीत. आमच्या घरात चष्म्याच्या फ्रेमांपासून वरच्या मजल्यावरच्या गळतीपर्यंत सगळ्या विषयांना जागा आहे, याच एका विषयाला बसायला कधी खुर्ची मिळाली नाही. भांडण नाही, अबोला नाही. त्याने काढला नाही, मी काढला नाही, आणि वर्षं गेली.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "कापूस दाबून धर. लक्ष कुठे आहे?"

लक्ष नळीत होतं.

एरवी डीएनए यंत्रावर काढतात, पण आज तिने जुन्या पद्धतीने, हाताने काढायचं ठरवलं. मधे कुणाचं काही येऊ नये, यंत्राचंसुद्धा. पेशी फोडायच्या, नको ते खाली बसवायचं, वरचं पाणी अलगद उचलून घ्यायचं आणि त्यावर गार अल्कोहोल सोडायचं. मग तो क्षण येतो – इतक्या वर्षांत तिला त्याचा कंटाळा आलेला नाही – जेव्हा कुठेच काही नसलेल्या पाण्यात धुकं जमतं, त्याचा धागा होतो, आणि तो पांढरा, कापसाच्या पेळूसारखा धागा नळीत तरंगू लागतो. हे मी. हे एवढंसं, आणि उलगडलं तर संपता संपणार नाही इतकं लांब. दोन दोऱ्या एकमेकींभोवती उजवीकडून वळत गेलेल्या, मधे अक्षरांच्या पायऱ्या, चारच अक्षरं, आणि त्यांचे हट्टही ठरलेले: एच्या समोर टीच, सीच्या समोर जीच, दुसरं कुणी चालत नाही. म्हणूनच तर एक दोरी हातात असली की दुसरी बिनचूक सांगता येते. जोडीतलं एक हरवलं तर उरलेलं त्याला अक्षरन् अक्षर आठवून पुन्हा उभं करतं. शाळेत हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिने घरी येऊन आईला ताटावरून उठवून सांगितलं होतं, आणि आई म्हणाली होती, छान, आता हात धू.

आणि पुढे रेघ काढणारं यंत्र तरी दुसरं काय करतं... तापवतं, दोऱ्या सुटतात. गार करतं, प्रत्येक सुटी दोरी आपली जोडीदारीण घडवून घेते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. असं करत फेरीमागून फेरी, जोवर एरवी कुणाच्याही नजरेला न पडणारी गोष्ट पडद्यावर रेघ होऊन वर येत नाही. शून्याची रेघ इतकी उशिरा वर आली होती, म्हणजे तिच्या मुळाशी फार तर चारदोन तुकडे असणार. एवढ्या रक्तात चारदोन. तिला एकदम इतकं हसू आलं की मास्क ओलसर झाला. अरे, इतका लपून बसला होतास होय?

हे असं बोलायचं नाही, तिने स्वतःला बजावलं. ही भेसळ आहे. ही शिंकोबांची भेसळ आहे, नाहीतर पार्सल आणणाऱ्याची, नाहीतर ज्या कारखान्यात नळ्या भरल्या तिथल्या कुणा पठ्ठ्याची. दुपारपर्यंत कळेल, मग तू मुकाट्याने डबा खाशील. पण हात काही ऐकेनात, ते इतके अचूक चालले होते, इतके हलके, की पिपेटची प्रत्येक टकटक तिला आपल्याच छातीतली वाटली. भीती वाटायला हवी तिथे मला मजा येत होती. किती दिवसांनी, किती वर्षांनी अशी, शाळेची सहल निघायच्या सकाळी येते तशी.

यंत्राचं झाकण लावलं. बाकीच्या जेवायला गेल्या. तिने डबा उघडला, बंद केला. काचेच्या पलीकडे शिंकोबा दोन मास्क लावून उभे होते आणि खुणेने विचारत होते, काय झालं? तिने खुणेने सांगितलं, अजून वेळ आहे. ते तिथेच स्टूल घेऊन बसले. आपल्यावरचा आळ पुसला जातो की नाही हे बघायला त्यांनी जेवणाची सुट्टी खर्ची घातली.

पाण्याची रेघ सरळ गेली. शेवटपर्यंत.

मॅडमची सरळ गेली.

तिची सरळ चालली होती, चालली होती, आता फेऱ्या संपतच आल्या होत्या, तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती... आणि ती रेघ वळली. वर. सकाळच्याच जागी, सकाळच्याच बेताने.

काचेपलीकडे शिंकोबांनी दोन्ही हात वर केले, सामना जिंकल्यासारखे. त्यांना फक्त एवढंच कळलं होतं की पाणी स्वच्छ आहे, म्हणजे आपलं नाक निर्दोष आहे.

मॅडम पडद्याकडे बघत बसल्या. या खेपेचं हं आलंच नाही. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तुला कधी दिवस गेले होते?"

"एकदा. पाचव्या महिन्यात गेलं."

"तू बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं होतं, मुलं आहेत का. मी म्हटलं, नाहीत. ते खरंच होतं."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चूक माझी. मुलं आहेत का हा प्रश्नच चुकीचा. दिवस गेले होते का, असं विचारायला हवं होतं. बाळ पोटात असताना त्याच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात, त्यातल्या काही राहतात. वर्षानुवर्षं राहतात. तू वाचलंयस हे."

"वाचलंय."

तिने वाचलं होतं, दोनतीनदा वाचलं होतं, त्या लेखातली आकृतीही तिला आठवत होती. पण ते वाचताना ती पांढरा कोट घातलेली कुणीतरी होती. आपल्याला लागू असेल असं एकदाही डोक्यात आलं नव्हतं, नाहीतर आलं होतं आणि तिने पान उलटलं होतं.

"थोरला भाऊ आहे तुला?" मॅडमनी मधेच विचारलं.

"आहे. का?"

"मग तोही असू शकतो. त्याच्या पेशी तुझ्या आईत राहिल्या, आणि तू पोटात असताना आईकडून तुझ्यात आल्या. होतं असं."

दादा. तिला पुन्हा हसू फुटलं आणि या वेळी आवरलं नाही. दादा, ज्याने गाडीतली खिडकीची जागा मला कधी मिळू दिली नाही, ज्याची जुनी पुस्तकं, जुनी सायकल, जुनी दप्तरं वापरत मी मोठी झाले, तो माझ्या रक्तातही माझ्या आधी येऊन बसलेला असणार. त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. पण हसता हसता तिला जाणवलं की आपण घाबरलोय, चांगल्याच घाबरलोय. कुणी हातातलं काढून घेईल म्हणून. दादा नको. दादावर माझा जीव आहे, पण आत्ता दादा नको.

"कसं कळेल?" तिने विचारलं.

"वाय बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो, जवळजवळ काहीच न बदलता. दादाचा वाय म्हणजे तुझ्या वडिलांचा. आणि तो नसला तर तुझ्या नवऱ्याचा. त्याच्या गालाच्या आतून एक काडी फिरवून आण. तुकडे इतके थोडे आहेत की जुळवताना घाम निघेल, पण बघू." मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. "त्याला विचारशील ना?"

"विचारीन," ती म्हणाली, इतक्या सहज, की मॅडमना वाटलं असेल सोपं आहे.

"आणि आजपासून तू कोरा नमुना नाहीस. दुसरी बाई शोधते मी. शाळेतल्या बाईंचा रिपोर्ट पाठवून दे, त्यांचं ठीक आहे."

पदावरून काढलेल्या माणसाने हिरमुसायचं असतं. ती रिपोर्ट पाठवायला गेली ती जवळजवळ धावत गेली. शाळेतल्या बाईंचं ठीक आहे, शिंकोबांचं नाक ठीक आहे, आणि मी कोरी नाही. जिन्यापर्यंत जाऊन ती उगाचच परत आली. आणि परत येताना, फ्रीजच्या दारापाशी, तिला ते सुचलं – इतकं उघड, की आधी कसं सुचलं नाही.

"मॅडम, आरएनए बघू या?"

"कशाचा?"

"वायवरच्या जनुकाचा. डीएनए नुसता पडून राहिलेलाही असू शकतो ना, मेलेल्या पेशीचा. आरएनए नाही राहत."

डीएनए राहतो, तेच त्याचं काम. दोन दोऱ्यांच्या मिठीत अक्षरं आत वळवून, केंद्रकाच्या खोलीत कडी लावून तो बसतो, हजारो वर्षांच्या हाडांतूनसुद्धा निघतो. पण तो स्वतः काही करत नाही. पेशीला काही करायचं असलं की दोऱ्या तेवढ्या जागी जरा सैल होतात आणि त्या ओळींची एक नक्कल उतरवली जाते, एकाच दोरीची, उघडी, टीच्या जागी यू घेतलेली. तो आरएनए. तो खोलीबाहेर पडतो, जिथे प्रथिनं बनतात तिथे जाऊन सांगायचं ते सांगतो आणि विरून जातो. टिकायचं त्याच्या नशिबात नाही, टिकला तर पेशी कालच्याच हुकमांवर चालत राहील. म्हणून आरएनए सापडला तर त्याचा अर्थ एकच. कुणीतरी जिवंत आहे आणि आत्ता, या घटकेला, काहीतरी सांगतंय.

"एवढ्या थोड्या पेशींचा आरएनए?" मॅडम म्हणाल्या. "सापडायची आशा फार कमी."

"असू दे."

"आणि सापडला तरी ती पेशी असेल. मूल नाही."

"माहीत आहे."

"नक्की माहीत आहे ना?"

"मॅडम, माहीत आहे."

माहीत आहे. पेशीला नाव ठेवत नाहीत, पेशी शाळेत जात नाही. पण ती पेशी माझ्या हाडाच्या मगजात घर करून बसली असेल, तिच्या लेकी-नाती माझ्या रक्तातून हिंडत असतील, मागच्या तापात मी तीन दिवस निपचित पडले होते तेव्हा बाकीच्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यासुद्धा लढल्या असतील... एवढं तर म्हणू दे. मी त्याला वाढवलं नाही, पण त्याने मला थोडं सांभाळलं असेल, असं म्हणायला विज्ञानाची हरकत नाही. थोडी असेल. राहू दे.

आरएनएचं काम म्हणजे सोवळ्याचं काम. हाताच्या घामातच त्याला कुरतडणारा पदार्थ असतो, उघड्या बोटाने नळीला शिवलं की खेळ खलास. तिने टेबल पुसलं, पुन्हा पुसलं, बर्फाचा डबा भरला, नव्या टिप्सचं पाकीट फोडलं. शिंकोबांनी दारातूनच सांगितलं, "ताई, मी आज लवकर निघतो. काय करताय ते कळलं नाही, पण तुमच्या चेहऱ्यावरून वाटतंय महत्त्वाचं आहे. मी नसलेलाच बरा." आणि जिन्यावर पोचल्यावर ते मनसोक्त शिंकले, तो आवाज वरपर्यंत आला. तिला त्यांच्याविषयी अचानक इतकी माया दाटून आली, की तिने मनातल्या मनात त्यांच्या सर्दीला उदंड आयुष्य चिंतलं.

मॅडमनी पुन्हा थोडं रक्त काढलं. तिने आरएनए वेगळा केला, तो उलटा डीएनएच्या भाषेत लिहून घ्यायला ठेवला, मग नळ्या यंत्रात लावल्या. झाकण पडलं तेव्हा खिडकीत संध्याकाळचं ऊन आडवं आलं होतं. यंत्राला वेळ होता. खाली गाडी उभी असणार, नवरा रोज चष्म्यांचं दुकान बंद करून तिला न्यायला येतो. तिने कपाटातून पाकिटातली कापसाची काडी घेतली, कोटाच्या खिशात टाकली, आणि जिना उतरताना पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की यंत्राशी काय बोलायचं ते आपल्याला दिवसभर सुचत होतं, त्याच्याशी काय बोलायचं ते अजिबात सुचलेलं नाही.

तो गाडीचं दार उघडं टाकून, एक पाय बाहेर सोडून बसला होता आणि आरसा पुसत होता. काच दिसली की त्याला पुसावीच लागते. ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"तोंड उघड."

"काय?"

"अरे उघड ना. गालाच्या आतून काडी फिरवायचीय. दुखत नाही."

त्याने तोंड उघडलं. याचं हे असंच, आधी करतो आणि मग विचारतो. तिने पाकीट फाडलं, काडी त्याच्या तोंडाजवळ नेली, आणि तेवढ्यात त्याने तोंड मिटलं.

"पण कशाला?"

तिने ठरवलं होतं की नीट सांगायचं, चाचणीपासून सुरुवात करून. पण तोंडातून आधी दादा आला, मग पाणी, मग मॅडमची सरळ गेलेली रेघ, मग शिंकोबा, मग पुन्हा मागे जाऊन शाळेतल्या बाईंची किडनी, आणि हे सगळं एकमेकांत अडकलेलं असतानाच मधे कुठेतरी, श्वास घ्यायला न थांबता, ती म्हणाली की माझ्या रक्तात वाय आहे, पुरुषाचा, तो दादाचा असेल नाहीतर तुझा, म्हणजे तुझा नाही, तुझ्याकडून गेलेला, तेव्हाचा, पाचव्या महिन्यातला, त्याच्या पेशी राहिल्यात माझ्यात, कदाचित, नक्की नाही, म्हणून काडी हवीय. आणि बोलता बोलता ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो आता विषय बदलेल. घरी जाताना काय घ्यायचं ते विचारेल. पाणी देऊ का म्हणेल. आणि तसं झालं, तर वर यंत्रात काहीही येवो, मी एकटीच ते घेऊन बसेन. हे तिला अगदी स्पष्ट दिसलं, तरी तिने काडी खाली घेतली नाही.

त्याने आरसा पुसायचं फडकं मांडीवर ठेवलं.

"मुलगाच होता," तो म्हणाला.

तिने काडी खाली घेतली.

"तू झोपेत होतीस. त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, बघायचंय का. मी हो म्हटलं. नंतर तू कधी विचारलं नाहीस... मला वाटलं, तुला नको असेल."

इतकी वर्षं. रागवायला हवं होतं. राग होताही, तो तिला लांबून येताना दिसत होता, आणि तो पोचला की या माणसाची धडगत नव्हती, उद्या, परवा, कधीतरी जेवताना ती त्याला फाडून खाणार होती, की मी विचारलं नाही म्हणजे काय, तू सांगायचंस, ते माझंही होतं. पण राग अजून लांब होता. जवळ होतं ते दुसरंच, ते छातीत इतक्या जोरात धावत होतं की तिला बसल्या जागी धाप लागली. म्हणजे याने बघितलंय. जगात एक माणूस आहे ज्याने त्याला बघितलंय, आणि तो माणूस रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पितो. मी सकाळपासून थेंबाथेंबात शोधत होते, आणि...

"कसा होता?" तिने विचारलं.

तो समोर बघत होता. दुकानात नंबर तपासताना माणसाच्या डोळ्यांत बघतो तसा, डोळे किंचित बारीक करून.

"डोळे मिटलेले. पापण्या अजून चिकटलेल्याच असतात म्हणे. पण भुवया आल्या होत्या. अगदी फिकट, पेन्सिलीने काढल्यासारख्या... आणि उजवी भुवई जरा वर होती. तू ऐकताना करतेस ना, तशी." त्याने मांडीवरच्या फडक्याची घडी घातली. "बोटं लांब होती. मी मोजली. का मोजली कुणास ठाऊक."

वर खिडकीत दिवा होता. यंत्र चालू होतं, थोड्या वेळाने ते हो म्हणेल नाहीतर काहीच म्हणणार नाही; दादाचा की याचा, ते मग काडी सांगेल. तिला ते ऐकायचं होतं. पण आत्ता कुणी खिडकीतून हाक मारली असती, झालंय, वर या, तर ती उठली नसती. ती दाराला पाठ लावून पूर्ण त्याच्याकडे वळून बसली.

"आणि?" ती म्हणाली.